यी चिंगचे जुने भाषांतर आणि नवे फिर्यादी

एखाद्या प्राचीन ग्रंथाचे नवे भाषांतर प्रसिद्ध झाले की त्याच्या प्रस्तावनेत पूर्वसूरींचा समाचार घ्यावयाचा, हा आता जवळजवळ शिष्टाचारच होऊन बसला आहे. आणि चीनच्या 'यी चिंग' या शकुनग्रंथाच्या बाबतीत तर तो इतका अंगवळणी पडला आहे की, जेम्स लेग या स्कॉटिश पंडिताने १८८२ साली इंग्रजीत आणलेला 'यी' उघडूनही न पाहता मोडीत काढण्याची मुभा आपल्याला आहे, असे ज्याला चिनी लिपीतले एक अक्षरही लागत नाही त्यालाही खुशाल वाटू लागले आहे. फिर्याद साधारणतः तीन कलमांची असते. पहिले कलम असे की, लेग मिशनरी होता, तेव्हा त्याला चीन दिसला तो विपर्यस्तच दिसला असणार. दुसरे असे की, शकुनावर ज्याची श्रद्धा नाही त्याला शकुनग्रंथाचे मर्म कळणे शक्यच नाही. आणि तिसरे असे की, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चीनच्या भूमीतून जे प्राचीन लेख वर आले त्यांनी लेगचे भाषांतर कालबाह्य करून टाकले आहे. या फिर्यादीच्या शेवटी एक शिफारसही ठरलेली असते: रिचर्ड विल्हेल्म या जर्मन पंडिताचे भाषांतर घ्यावे, कारण त्यात खरा चीन बोलतो. माझे म्हणणे असे की, या तीन कलमांपैकी एकही कलम पुराव्यापुढे टिकत नाही. आणि जे कलम लेगवर न्यायाने लावता आले असते, ते लावण्याचे श्रम फिर्यादींनी घेतलेलेच नाहीत.

वादाचा निवाडा करण्यापूर्वी ग्रंथाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. 'यी'च्या गाभ्याशी चौसष्ट आकृती आहेत. प्रत्येक आकृती एकावर एक रचलेल्या सहा रेघांची, आणि प्रत्येक रेघ एक तर अखंड किंवा मधोमध तुटलेली. आपल्याकडे रमल टाकणाऱ्याच्या सोळा आकृती चार-चार ओळींच्या असतात व प्रत्येक ओळीत एक किंवा दोन बिंदू असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गणिताची जात तत्काळ ओळखू येईल. प्रत्येक आकृतीला एक नाव, एक त्रोटक निर्णयवाक्य आणि तिच्या सहा रेघांची सहा वचने, या हिशेबाने एकूण ३८४ रेखावचने ग्रंथात येतात. पृच्छक यारो नावाच्या वनस्पतीच्या पन्नास काड्या घेतो, त्यांतली एक बाजूला ठेवतो, उरलेल्या एकोणपन्नासांची पुनःपुन्हा वाटणी करून एकेक रेघ खालून वर उभी करतो, आणि जी आकृती निष्पन्न होईल तिच्या वचनांत आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. हा गाभा पश्चिम चौ काळातला, इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या आसपास सिद्ध झालेला, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. परंपरा मात्र त्याचे कर्तृत्व राजा वेन व त्याचा पुत्र चौचा सरदार यांना देते. या गाभ्याभोवती पुढे कित्येक शतकांनी 'दहा पंख' या नावाची टीका जमली, तिचे जनकत्व कन्फ्यूशियसकडे देण्यात आले, इसवी सनापूर्वी १३६ मध्ये हान सम्राटाने ज्या पाच ग्रंथांच्या अध्यापनासाठी दरबारी आचार्य नेमले त्यांत 'यी'ची गणना झाली, आणि शकुन पाहण्याची वही ही नीती, विश्वरचना व राज्यकारभार यांची संहिता होऊन बसली. तेव्हा भाषांतर चांगले की वाईट हे विचारण्याआधी, ते कोणत्या 'यी'चे, हे विचारावे लागते: चौ काळातील दैवज्ञाच्या हातातल्या वहीचे, की पुढे दोन सहस्र वर्षे पंडितांनी मुखोद्गत केलेल्या संहितेचे?

लेगने या दुसऱ्या 'यी'चे भाषांतर केले. त्याच्यापुढे कांगशी सम्राटाच्या आज्ञेने १७१५ साली सिद्ध झालेली राजमान्य आवृत्ती होती, जिच्यात प्रत्येक वचनाखाली प्रथम चू शी आणि मागाहून चंग यी या सुंग काळातील दोन आचार्यांचे भाष्य आणि त्यापुढे इतर टीकाकारांची मते क्रमाने दिलेली आहेत. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, विल्हेल्मने १९२४ साली येना येथे प्रसिद्ध केलेल्या जर्मन भाषांतराचा आधारही हीच आवृत्ती होती. म्हणजे ज्या दोन ग्रंथांत एकाला खऱ्या चीनचा आवाज आणि दुसऱ्याला परकीयाची मखलाशी म्हणण्याची प्रथा पडली आहे, त्या दोघांची गंगोत्री एकच आहे. आक्षेपकांच्या लेखनात या एका वस्तुस्थितीचा उल्लेख सहसा आढळत नाही, आणि का आढळत नाही हे उघड आहे: ती मान्य केली की फिर्यादीचा अर्धा जोर ओसरतो.

पहिल्या कलमाकडे वळू. लेग हा लंडन मिशनरी सोसायटीचा माणूस होता. १८४० साली तो मलाक्कास पोचला, १८४३ पासून हाँगकाँगला राहिला, आणि १८७६ साली ऑक्सफर्डला चिनी भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. हे सर्व खरे आहे. परंतु मिशनरी हा शब्द उच्चारला की पुढे काही सिद्ध करावयाचे उरत नाही, ही समजूत आळसाची आहे; कारण त्याच मिशनरी वर्गात 'यी'चे दुसरे एक इंग्रजी भाषांतर सहा वर्षे आधी झाले होते, आणि पूर्वग्रह म्हणजे काय हे पाहावयाचे असेल तर ते तेथे पाहावे. टॉमस मॅक्लाची या पाद्र्याने १८७६ साली शांघायला छापलेल्या आपल्या भाषांतरात 'यी'मधील आकाश व पृथ्वी यांच्या आकृतींत जगातील सर्व मूर्तिपूजकांना समान असलेल्या लिंगपूजेच्या खुणा शोधल्या, आणि चिनी विश्वकल्पनेला बाबिलोनच्या पंगतीस नेऊन बसविले. या पद्धतीवर जाहीर हरकत घेणारा, चिनी ग्रंथ चिनी भाष्यांच्या साहाय्याने वाचला पाहिजे असे बजावणारा माणूस हा लेगच होता.

इतकेच नव्हे, तर लेगवर त्याच्या हयातीत मिशनऱ्यांनी जी तक्रार केली ती नेमकी उलट दिशेची होती. प्राचीन चिनी ग्रंथांतील 'शांग-ती' म्हणजे ईश्वरच होय, चिनी लोकांना एकेश्वराची ओळख पूर्वीपासून होती, असे त्याचे मत होते; १८७३ साली पेकिंगच्या स्वर्गवेदीवर त्याने जोडे काढून प्रवेश केला आणि तेथे आपले ख्रिस्ती स्तोत्र म्हटले, ही हकीकत पुष्कळांच्या मनाला लागली; १८७७ साली शांघायच्या मिशनरी परिषदेपुढे पाठविलेला त्याचा निबंध परिषदेच्या अहवालात छापण्यासही नकार मिळाला; आणि १८८० साली चीनमधील मिशनऱ्यांच्या एका गटाने 'पौर्वात्य पवित्र ग्रंथ' या मालेचा संपादक मॅक्स म्यूलर याच्याकडे लेगने 'शांग-ती'चे ईश्वर असे जे भाषांतर केले त्याविरुद्ध लेखी तक्रार गुदरली. म्यूलरने लेगची बाजू घेतली. ज्याला स्वकीयांनी चीनचा तरफदार म्हणून दूषण दिले, त्यालाच आज चीनचा द्वेष्टा म्हणून पिंजऱ्यात उभे करावयाचे असेल, तर निदान आधीच्या खटल्याचे दप्तर चाळून तरी पाहावे.

यावर कोणी असे म्हणेल की, चिनी संज्ञेच्या जागी ख्रिस्ती ईश्वर बसविणे हाच विपर्यास. मान्य करू. तीन-तीन रेघांच्या आठ आकृतींचे, म्हणजे त्रिरेखांचे, विवरण करणाऱ्या पंखात, विश्वाचा अधिपती पूर्व दिशेच्या, मेघगर्जनेच्या त्रिरेखेतून प्रकट होतो असे जे वचन आहे, तेथे लेगने ईश्वरवाचक इंग्रजी शब्द घातला, आणि तो घालण्याबद्दल त्याला दोष देता येईल. पण विल्हेल्मचे इंग्रजी रूप उघडावे: त्याच ठिकाणी तोच शब्द आहे. विल्हेल्मही १८९९ साली चिंगताओला आला तो जर्मन मिशनचा पाद्री म्हणूनच. तेव्हा 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' हा न्याय सोडून द्यावा, आणि हे कलम एक तर दोघांवर लावावे किंवा दोघांवरूनही काढून घ्यावे.

दुसरे कलम श्रद्धेचे. लेगला शकुनविद्येचा आदर नव्हता, हे त्याने लपविले नाही. भविष्य सांगण्याच्या नादापायी एका मोठ्या राष्ट्राची बुद्धी व्यर्थ खर्ची पडली, अशी त्याची धारणा होती, आणि ग्रंथाची प्रतिमासृष्टी त्याला रुक्ष वाटे. यावरून आक्षेपक असा निष्कर्ष काढतात की, काड्या हातात न घेणाऱ्याला 'यी' कळत नाही. परंतु हा निष्कर्ष लेगला लागू करण्याआधी चीनमधील किती थोर भाष्यकार त्यामुळे बाद होतात, याचा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. पंचविशीही न गाठता इसवी सन २४९ मध्ये मरण पावलेला वांग बी हा 'यी'चा असामान्य भाष्यकार. त्याने दैवज्ञांनी रचलेले आकड्यांचे व प्रतिमांचे जंजाळ दूर सारून ग्रंथाचा तात्त्विक अर्थ पुढे आणला. चंग यीने अकराव्या शतकात जे भाष्य लिहिले त्यात प्रत्येक आकृती ही राज्यकर्त्याच्या व सज्जनाच्या आचरणाचा धडा म्हणून वाचली आहे, आणि फलनिर्णयाकडे त्याचे लक्ष फारसे नाही. त्याहून पुष्कळ आधी, श्युन-त्झूच्या नावावर असलेल्या ग्रंथात, 'यी' ज्याला खरोखर उमगला त्याला शकुन पाहण्याचे कारण पडत नाही, अशा आशयाचा विचार आलेला आहे. याच्या उलट चू शीचा आग्रह असा की, हा ग्रंथ मुळात शकुनासाठीच लिहिला गेला, हे विसरता कामा नये. म्हणजे हा वाद चिनी परंपरेच्या पोटातच जुना आहे, आणि लेगने त्यातल्या एका प्रतिष्ठित पक्षाची बाजू घेतली. कोकणातील देवस्थानात कौल कसा लावतात याचे वर्णन करणाऱ्याचा स्वतःचा त्या कौलावर विश्वास असलाच पाहिजे, असे आपण म्हणत नाही. त्याने पाकळ्या कोठे चिकटवल्या, कोणती पाकळी आधी पडली आणि पुजाऱ्याने तिचा काय अर्थ सांगितला हे बिनचूक टिपले की नाही, एवढेच विचारतो.

या कलमाचे उगमस्थान शोधू गेल्यास आपण कार्ल युंगच्या त्या सुप्रसिद्ध प्रस्तावनेपाशी येऊन थांबतो, जी त्याने १९४९ साली विल्हेल्मच्या इंग्रजी रूपासाठी लिहिली. लेगच्या भाषांतराने पाश्चात्त्य मनाला हा ग्रंथ सुगम करण्याच्या कामी फारसे काही केले नाही, असा अभिप्राय तीत आहे. आणि आपल्याला चिनी येत नाही, आपण चीनला कधी गेलो नाही, अशी प्रांजळ कबुलीही तीतच आहे. युंग हा मोठा मनोवैज्ञानिक होता, याविषयी वाद नाही. परंतु जो मूळ भाषा जाणत नाही तो दोन भाषांतरांपैकी कोणते आपल्याला अधिक भावले एवढेच सांगू शकतो, कोणते मुळाशी अधिक प्रामाणिक हे सांगू शकत नाही. आणि युंगनंतरच्या वाचकांनी त्याच्या आवडीचा हुकूमनामा करून घेतला, यातच साऱ्या गैरसमजाचे मूळ आहे.

आता तिसरे कलम, जे दिसावयास सर्वांत शास्त्रीय आहे आणि म्हणून सर्वांत अधिक फसवे आहे. लेग १८९७ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, शांग काळातील कोरीव अस्थिलेखांकडे चिनी विद्वानांचे लक्ष गेले; १९७३ साली हूनान प्रांतातील मावांगत्वे येथे, इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात, रेशमावर लिहिलेली 'यी'ची प्रत निघाली, तिच्यात आकृतींचा क्रमच निराळा; आणि इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची, बांबूच्या पट्ट्यांवरची प्रत शांघायच्या वस्तुसंग्रहालयात येऊन २००३ साली प्रसिद्ध झाली. या साधनांनी ग्रंथाच्या आद्य स्वरूपाविषयीचे ज्ञान पालटून टाकले, यात शंका नाही. निर्णयवाक्यांत वारंवार येणारे एक अक्षर, ज्याचा लेगने 'योग्य व दृढ' असा आणि विल्हेल्मने 'चिकाटी' असा अर्थ केला, ते अस्थिलेखांत केवळ 'कौल विचारणे' या अर्थाने येते. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या चिनी कोशकाराने हा जुना अर्थ नोंदविला होता हे खरे. पण जो पंख पहिल्या आकृतीतील ते अक्षर सद्गुणवाचक म्हणून विवरतो, तो पंखही ज्या संहितेचा भाग आहे त्या संहितेचे भाषांतर करताना पंखाचा अर्थ डावलावयाचा कसा? त्या परंपरेत तो अर्थ चूक नव्हता. तोच अर्थ होता.

या संबंधात पस्तिसावी आकृती जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्या निर्णयवाक्यात एका अधिपतीला पुष्कळ घोडे मिळाल्याचा आणि एका दिवसात तीनदा काही घडल्याचा उल्लेख आहे. या अधिपतीवाचक अक्षराच्या आधी 'कांग' हे अक्षर आहे, ज्याचा सर्वसामान्य अर्थ स्वास्थ्य किंवा शांती असा होतो. भाष्यकारांनी शतकानुशतके हे विशेषण समजून अर्थ लावला. लेगने त्यांच्यामागून जाऊन स्वास्थ्य राखणारा राजा असे भाषांतर केले, आणि हे स्वास्थ्य प्रजेचे व घोडे देणारा सम्राट, हे दोन्ही तपशील मुळात नसून आपण पुरविले आहेत हे कळावे म्हणून ते शब्द कंसांत घातले. विल्हेल्मने सामर्थ्यवान राजा असे केले, आणि कंसाची गरज त्याला भासली नाही. पुढे १९२९ साली कू च्ये-कांग या चिनी इतिहासकाराने दाखवून दिले की, कांग हे विशेषणच नव्हे. हा चौ वंशसंस्थापक राजा वू याचा भाऊ, कांगचा सरदार फंग, ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. या सरदाराचे नाव कोरलेले एक ब्राँझचे पात्र १९३१ च्या सुमारास हेनान प्रांतात मिळाले, आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शांगवर स्वारी झाल्यानंतर राजाने त्याला वेईच्या प्रदेशावर नेमले, अशी हकीकत त्यावर आहे.

येथे लेग चुकला, असे म्हणता येईल. पण त्याच्याबरोबर सारी भाष्यपरंपरा चुकली आणि विल्हेल्मही चुकला. विल्हेल्म १९३० साली वारला, तेव्हा त्याला दोष देणे अन्यायाचे होईल; मात्र मग लेगला दोष देणे हे त्याहूनही अन्यायाचे आहे. आणि कालबाह्यतेचे कलम लावावयाचेच तर ते १८८२ च्या ग्रंथाआधी १९५० च्या ग्रंथावर लागते. विल्हेल्मचे जर्मन इंग्रजीत आणून श्रीमती केरी बेन्स यांनी दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कू च्ये-कांगचा निबंध छापून एकवीस वर्षे लोटली होती, आणि तरीही तो सामर्थ्यवान राजा तेथे निनावीच राहिला. योगायोग असा की, युंगने आपल्या प्रस्तावनेसाठी नाणी टाकून या ग्रंथालाच प्रश्न विचारला तेव्हा पन्नासावी आकृती आली आणि तिच्या दोन रेघा पालटून तीच पस्तिसावी आकृती झाली. युंगने तिच्यावर विस्ताराने लिहिले, पण तिच्या दाराशी इतिहासातला एक खरा माणूस उभा आहे, याची वार्ता त्याच्या हातातल्या भाषांतराने त्याला दिली नाही.

मराठी वाचकाला हा मुद्दा पटवून देण्यासाठी दूर जावे लागत नाही. लेगचा 'यी' ज्या मालेचा सोळावा खंड, त्याच मालेचा आठवा खंड त्याच वर्षी, १८८२ मध्ये, निघाला. तो काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेल्या भगवद्गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांच्या भाषांतराचा. तेलंगांनी गीता घेतली ती परंपरेने हाती दिलेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते १९१९ साली, आणि बेलवलकरांनी संपादिलेले भीष्मपर्व प्रसिद्ध झाले ते १९४७ साली. तेलंगांनी आपल्या मृत्यूनंतर चोपन्न वर्षांनी निघालेल्या संहितेतील पाठभेद लक्षात घेतले नाहीत, अशी तक्रार आजवर कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि कोणी केली तर आपण तिला हसू. तेलंगांचे मूल्यमापन आपण त्यांच्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांवरून करतो, आणि गीतेवर ख्रिस्ती मताची छाप आहे असे म्हणणाऱ्या लोरिन्सेरला त्यांनी १८७५ मध्ये जे उत्तर दिले, त्यातली पुराव्याची शिस्त पाहून त्यांचा आदर करतो. हाच न्याय त्यांच्या मालाबंधूला लावण्यास प्रत्यवाय कोणता?

उलट, एका बाबतीत लेग आपल्या काळाच्या पुढे होता, आणि ज्या गोष्टीबद्दल त्याला शाबासकी मिळावयास हवी होती तिच्याचबद्दल त्याला बोल लावण्यात येतो. १८५४-५५ मध्ये हाँगकाँगला त्याने 'यी'चे एक भाषांतर पुरे केले, आणि ग्रंथाची पद्धती आपल्याला समजलेली नाही हे स्वतःशी कबूल करून बाजूला ठेवले. १८७० साली ते हस्तलिखित महिन्याहून अधिक काळ तांबड्या समुद्राच्या पाण्यात भिजून पडले, मोठ्या कष्टाने वाचण्याजोगे करण्यात आले, आणि १८७४ च्या सुमारास त्याला किल्ली सापडली ती अशी की, गाभा व पंख हे वेगवेगळ्या काळाचे असून ते वेगळे ठेवूनच वाचले पाहिजेत. पंखांचे कर्तृत्व कन्फ्यूशियसचे मानता येत नाही, ही शंका सुंग काळात औयांग श्यूने घेतली होती. लेगने तिला भाषांतराच्या मांडणीतच स्थान दिले, आणि पंख परिशिष्टे म्हणून निराळे छापले. त्यामुळे वाचकाला पाने उलटावी लागतात, ग्रंथाचा एकजिनसीपणा भंगतो, अशी तक्रार होते. पण हा एकजिनसीपणाच मुळी मागाहून आणलेला आहे, हे आजचा प्रत्येक अभ्यासक मानतो. विल्हेल्मने परंपरागत कर्तृत्व बव्हंशी मान्य केले, पंखांचे तुकडे आकृतींना जोडले, आणि त्याच चौसष्ट आकृती ग्रंथात दोनदा फिरविल्या. राजा वेन व त्याचा पुत्र यांचे कर्तृत्व लेगनेही खरे मानले, ही त्याची मर्यादा. परंतु विश्लेषणाच्या वाटेवर तो विल्हेल्मच्या मागे नव्हता, पुढे होता.

मग लेगमध्ये दोष नाहीत काय? आहेत, आणि ते जड आहेत. मुळातली वचने चार, सहा, आठ अक्षरांची. लेगच्या हाती ती तीन-तीन ओळींची वाक्ये होतात. प्रत्येक रेखावचनाच्या आरंभी ही रेघ आपल्या विषयभूत व्यक्तीला अमुक स्थितीत दाखविते, अशा धर्तीचा साचा त्याने घातला, जो मुळात कोठेही नाही. आणि त्या साच्यामुळे एखाद्या प्रतिमेवर येणारा प्रकाश तात्पर्याच्या धुरात विझून जातो. कंस हे त्याच्या प्रामाणिकपणाचे साधन खरे, पण कित्येक पृष्ठांवर ते इतके दाटतात की, मूळ व भर यांचा भेद दिसावा हा त्यांचा हेतूच पराभूत होतो. रेखावचनांत जागोजागी यमके आहेत, जुन्या लोकगीतांचे अवशेष वाटावेत अशा ओळी आहेत. आणि ज्याने शेवटचा पंख, जो केवळ आकृतींच्या गुणांची टाचणवही आहे, तो हौसेने इंग्रजी यमकांत बसविला, त्याने खऱ्या काव्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा गद्याचा वरवंटा फिरवावा, हे अक्षम्य आहे. शिवाय ज्या ग्रंथाबद्दल आपल्याला रस वाटत नाही त्यावर इतकी वर्षे खर्च करणाऱ्या माणसाचा थकवा पानोपानी जाणवतो, आणि तो वाचकालाही जडतो. फिर्यादींनी हे कलम लावले असते तर मी लेगचे वकीलपत्र घेतले नसते.

विल्हेल्मच्या गुणांविषयीही कृपणता करण्याचे कारण नाही. १९११ च्या क्रांतीनंतर चिंगताओला आश्रयास आलेल्या लाओ नाय-श्वान या वृद्ध पंडिताजवळ बसून तो शिकला. लाओने चिनीत विवरण करावयाचे, विल्हेल्मने टिपून घेऊन जर्मनमध्ये उतरावयाचे, मग मूळ ग्रंथ न पाहता आपले जर्मन पुन्हा चिनीत करून दाखवावयाचे आणि लाओने ते मुळाशी ताडून पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. ऑक्सफर्डला बसलेल्या लेगला असा गुरू जवळ नव्हता, आणि विल्हेल्मच्या वाक्यांत जी ऊब आहे ती या सहवासाची आहे. पण लाओ हा चिंग राजवटीचा निष्ठावंत, चंग-चू परंपरेत वाढलेला पंडित. त्याने जो 'यी' शिकविला तो त्याच्या गुरुकुलाचा होता, चौ काळच्या दैवज्ञाचा नव्हता. आणि ऊब मिळविण्यासाठी विल्हेल्मने जी किंमत दिली ती अशी की, मूळ वचन कोठे संपले, लाओ कोठे बोलू लागला आणि जर्मन आदर्शवाद कोठून आत आला, यांचे सांधे त्याने बेमालूम बुजविले. लेगचे सांधे ओबडधोबड आहेत, पण ते दिसतात. भाषांतर पारखणाऱ्याला जे दिसते तेच उपयोगी पडते.

या वादातून निघणारा नियम अभ्यासकांनी प्रत्यक्षात कधीच स्वीकारलेला आहे. १९९० च्या दशकात इंग्रजीत आलेली तीन भाषांतरे घ्यावीत: रिचर्ड जॉन लिनने वांग बीच्या भाष्यानुसार 'यी' दिला, एडवर्ड शॉनेसीने मावांगत्वेच्या रेशमी प्रतीचा दिला, आणि रिचर्ड रट या धर्मगुरूने चौ काळातील शकुनवही तिच्या आद्य अर्थाने देण्याचा प्रयत्न केला. तिघांचे निकाल शेकडो ठिकाणी जुळत नाहीत, आणि तरी त्यांतला एकही दुसऱ्याला खोटा ठरवीत नाही. कारण प्रत्येकाने आपण कोणत्या काळचा 'यी' देत आहो हे मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेत नोंदविले आहे. लेगने सुंग व चिंग काळातील पंडितांचा 'यी' दिला. हा 'यी' शेकडो वर्षे चीनच्या अधिकाऱ्यांनी परीक्षेसाठी पाठ केला, सम्राटांनी त्याच्यावर टीका लिहविल्या. इतिहासात तो जितका प्रत्यक्ष वावरला तितकी चौ काळची वही वावरली नाही. त्याचे एक काटेकोर, कंटाळवाणे, आपली भर उघड करणारे इंग्रजी रूप आपल्याजवळ असणे हा लाभ आहे, आणि दुसरे भाषांतर अधिक रसाळ आहे म्हणून हा लाभ रद्द होत नाही.

मराठीपुरता या निर्णयाचा परिणाम अगदी व्यावहारिक आहे. आपल्याकडे हा ग्रंथ बहुतेकांच्या हाती पडतो तो इंग्रजीतून, आणि तोही प्रायः बेन्सबाईंच्या रूपात; त्यावरून जो मराठीत लिहील त्याचे लेखन चिनीहून जर्मन, जर्मनहून इंग्रजी आणि इंग्रजीहून मराठी अशा तिसऱ्या पिढीचे होईल, आणि एकाही टप्प्यावर कोणी काय घातले हे त्याला कळणार नाही. अशा माणसाने चिनी जाणणाऱ्याची मदत घ्यावी हा राजमार्ग. ती मिळेपर्यंत त्याने रटच्या शेजारी लेग उघडून बसावे, प्रत्येक वचनातील कंसस्थ शब्द पेन्सिलीने छेकावेत, उरलेला सांगाडा रटशी ताडावा, आणि जेथे दोघांचे पटत नाही तेथे चौ काळापासून सुंग काळापर्यंत अर्थ कसा सरकला याची नोंद करावी. विल्हेल्म त्याने त्यानंतर, आनंदासाठी, अवश्य वाचावा. हा क्रम उलटा केला की रसिकता पुरावा म्हणून रुजू होते, आणि मग 'यी'संबंधी कोणाचेही कोणतेही म्हणणे सिद्ध होऊ शकते.